‘ए(१)’ आणि ‘एक्स’: एकच एरर, दोन वेगळी दुखणी

फोर्ट्रान भाषेत सबरुटीनला (नावानं बोलवायच्या कोडच्या तुकड्याला) ॲरे, म्हणजे घरांची रांग हवी; आपण स्केलर, म्हणजे एकच आकडा पाठवला; जीएफोर्ट्रान हा फोर्ट्रानचा कंपायलर ‘रँक मिसमॅच’ (मितींचा मेळ नाही) म्हणून अडून बसला. लगेच ओरड: कंपायलरमध्ये बग! समोरून ठरलेलं उत्तर: तुमचाच कोड चुकलाय. कॉलमध्ये नेमकं काय पाठवलंय, हे दोघंही बघत नाहीत.

पाठवलेला ‘एक्स’ साधा रिअल (एकच दशांश आकडा) असेल तर कोड चूकच. वर्षानुवर्षं चालला कारण मेमरीतला पत्ता जात होता आणि ॲरेची लांबी ‘एन’ १ होती. २०२० च्या जीएफोर्ट्रान १० नं ही एरर ठरवली, इतकंच. ‘एक्स(१)’ असा ॲरे जाहीर करा, विषय संपला. चौकटी कंसातला [एक्स]ही चालतो, पण सबरुटीन त्यात काही लिहिणार नसेल तरच.

‘ए(१)’ची गोष्ट निराळी. ‘ए’ १०० घरांचा आणि डमी (सबरुटीनमध्ये तो घेणारं नाव) ‘बी(एन)’ किंवा ‘बी(*)’ असेल, तर ‘ए(११)’ म्हणजे एकच आकडा नव्हे; तिथून शेवटपर्यंतची ९० घरं हाती दिली. याला सिक्वेन्स असोसिएशन म्हणतात आणि फोर्ट्रान ७७ मध्येही ते वैध होतं. लॅपॅक या गणिती लायब्ररीचा सोर्स उघडा, ‘ए(जे,जे)’ पाठवणारे कॉल जागोजागी दिसतील. एकाच फाइलमध्ये त्याच जुन्या वळणाच्या (‘बी(एन)’ किंवा ‘बी(*)’वाल्या) सबरुटीनला एकदा ‘ए’ आणि एकदा ‘ए(१)’ दिला म्हणून कंपायलर भांडत असेल, तर मात्र बग त्याचाच. जीएफोर्ट्रान १० घडत असताना हे झालंही होतं. नंतर दुरुस्त झालं.

आता खरी मेख. कॉल करणाऱ्याकडे तो ‘ए’ कसा जाहीर झालाय? तो स्वतःच ‘ए(:)’ असा, आकार वरून घेणारा डमी किंवा पॉइंटर (दुसऱ्या ॲरेकडे बोट दाखवणारा) असेल, तर ‘ए(१)’ ॲरेच्या जागी पाठवता येत नाही. कुणी वरून ‘पी(१:१००:२)’, म्हणजे ‘पी’चं एकाआड एक घर दिलं असेल, तर ‘ए(१)’च्या शेजारच्या घरात ‘ए(२)’ नसून ‘पी(२)’ बसलेला असतो. ॲलोकेटेबल (प्रोग्रॅम चालताना जागा मिळणारा ॲरे) चालतो, त्याची घरं सलग असतात. आणि घेणारा डमीच ‘बी(:)’ असेल तर एलिमेंट, म्हणजे ‘ए(११)’सारखं एक घर, कधीच चालत नाही. तिथे ‘ए(११:)’ लिहा.

एरर दिसली की मिसमॅच चालवून घेणारा फ्लॅग मेकफाइलमध्ये चिकटवायची सवय मला अजिबात पटत नाही. त्यानं एररची वॉर्निंग होते आणि ती पुढे कुणी वाचत नाही. तीच एरर दाखवणारा दहा ओळींचा नमुना काढा. बग नोंदवताना नुसता कॉल देऊ नका, ‘ए’ जाहीर केल्याची ओळही द्या.