शालेय अभ्यासक्रम पुनर्रचना : ठाणे जिल्हा

शाळेत काय शिकवायचे, कोणत्या वयात व कोणत्या भाषेतून शिकवायचे, आणि शिकवलेले मुलांना आले की नाही हे कसे तपासायचे, हे शासनाने काही वर्षांच्या अंतराने नव्याने ठरवण्याच्या प्रक्रियेस अभ्यासक्रम पुनर्रचना म्हणतात. पालकांच्या बोलण्यात ती ‘यंदा पुस्तके बदलली’ एवढ्यावर आटोपते. वास्तविक पाठ्यपुस्तक हा या प्रक्रियेचा शेवटचा, डोळ्यांना दिसणारा टप्पा होय. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी वेगळा झाला असल्याने त्यापूर्वीच्या घडामोडींच्या संदर्भात येथे अविभाजित ठाणे जिल्हा अभिप्रेत आहे.

पुनर्रचनेचा आरंभ कोठून धरावा याविषयी मतभेद आहेत. एक मत हा आरंभ 1822 साली मुंबईत स्थापन झालेल्या शाळापुस्तक मंडळीपर्यंत मागे नेते. सदाशिव काशीनाथ तथा बापू छत्रे यांच्यासारख्यांनी या मंडळीसाठी मराठी पुस्तके सिद्ध केली आणि पंतोजींच्या शाळेतील तोंडी पाठांतराच्या जागी छापील पुस्तक येऊ लागले. दुसरे मत 1854 च्या वुड यांच्या खलित्याला (भारतातील शिक्षणाविषयी इंग्लंडहून आलेल्या आदेशपत्राला) व त्यानंतर लगेचच निर्माण झालेल्या शिक्षण खात्याला महत्त्व देते. इयत्ता, क्रमिक पुस्तके आणि तपासनीस अधिकारी ही चौकट तेव्हापासून स्थिरावली. तिसऱ्या मतानुसार खरा आरंभ 1882 साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी सादर केलेल्या निवेदनात आढळतो. प्राथमिक शाळेत मोडी व बालबोध लेखन-वाचन, हिशेब, सामान्य इतिहास, भूगोल व व्याकरण यांबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान, आरोग्य आणि नीती यांचे पाठ असावेत, अशी मागणी त्यांनी केली होती. पहिली दोन मते अभ्यासक्रमाच्या स्थापनेविषयी आहेत. रूढ अभ्यासक्रम कोणाच्या उपयोगाचा, हा प्रश्न तिसऱ्यात प्रथम विचारला गेला. ‘पुनर्रचना’ या संज्ञेला तेच अधिक जुळते.

अविभाजित ठाणे जिल्ह्यात हा प्रश्न सर्वांत गांभीर्याने हाताळला गेला तो बोर्डी व कोसबाड येथे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. 1956-57 च्या सुमारास हे काम कोसबाडच्या टेकडीवर हलले. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात असलेली विकासवाडी, आणि गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी चराईच्या जागीच भरणारी कुरणशाळा, हे येथील विशेष. बिया, शिंपले, खडे व पाने हेच साहित्य असल्याने विकतच्या साधनांवाचून अडत नसे. शासनाने येथून अंगणवाडीची कल्पना उचलली. शाळेची वेळ व जागा मुलाच्या दिनक्रमास जुळवून घेण्याचे सूत्र मात्र त्याच्या पचनी पडले नाही.

कोठारी शिक्षण आयोगाच्या (1964–66) शिफारशींनंतर 27 जानेवारी 1967 रोजी पुणे येथे पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे बालभारती, स्थापन झाले. पुढे 1988, 1995 (क्षमताधिष्ठित, म्हणजे मुलाला काय करता यावे यावर आधारलेला), 2004 व 2012 असे प्राथमिक अभ्यासक्रम आले. पहिलीपासून इंग्रजी हा विषय 2000 साली, तर सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, म्हणजे केवळ परीक्षेऐवजी वर्षभर सर्व अंगांनी तपासणी, 2010 साली लागू झाले.

2012 च्या अभ्यासक्रमानंतरच्या एका पुस्तकातील तपशील तज्ज्ञांत व जनतेत सारखाच गाजला. 2019 च्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस ते नव्व्याण्णव या संख्यांसाठी रूढ नावांच्या जोडीस ‘वीस एक’, ‘साठ तीन’ असे वाचन देण्यात आले. मराठी संख्यानामात एकक आधी उच्चारला जातो, तर लेखनात दशक आधी येतो; त्यामुळे ‘त्रेसष्ट’ ऐकून मूल आधी 3 लिहिते आणि वहीत 36 उमटतात. एकोणतीस, एकोणचाळीस ही नावे तर पुढच्या दशकाच्या आधारे घडलेली आहेत. ती मालिका एकोणनव्वदपर्यंत चालते आणि शेवटी ‘नव्व्याण्णव’ मात्र स्वतःच्याच दशकाकडे वळते. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरांची व उलट क्रमाची ही अडचण पुढे करून बदलाचे समर्थन केले. विरोधकांचा आक्षेप भाषा तोडली जाण्याविषयी होता, आणि त्याला व्यावहारिक बाजूही होती: पाढ्यात ‘नऊ साते त्रेसष्ट’ असेच म्हटले जाते व बाजारात तसेच बोलले जाते. दोन्ही नावे शेजारी ठेवण्याचा समितीचा मार्ग अध्यापनाच्या दृष्टीने समर्थनीय दिसतो, मात्र शिक्षकांची पूर्वतयारी अपुरी राहिली. प्रस्तुत जिल्ह्यात या वादाला एक वेगळी किनार आहे. हिंदी व उर्दू माध्यमातील मुलांना मराठी मुलांसारखीच अडचण येते. भिवंडीच्या यंत्रमाग वस्तीतील तेलुगू माध्यमाच्या मुलांना ती येत नाही, कारण तेलुगूत दशक आधीच उच्चारला जातो.

अंमलबजावणीची साखळी सर्वत्र सारखीच आहे: राज्यस्तरावर तयार झालेले तज्ज्ञ मार्गदर्शक जिल्ह्यात, तेथून तालुक्यात आणि शेवटी केंद्रशाळेत (आसपासच्या शाळांच्या गटाच्या मुख्य शाळेत) प्रशिक्षण देतात. ठाण्यासाठी हे काम अंबरनाथ तालुक्यातील राहाटोली येथील जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडे आहे. प्रत्येक पायरीवर आशय थोडा गळतो. वर्गापर्यंत पोहोचतो तो बहुधा बदललेला नोंदींचा नमुना. म्हणजे पाठाचे टाचण कसे लिहावे, आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) व संकलित (सत्राअखेरच्या) मूल्यमापनाचे रकाने कसे भरावेत. शहापूर व मुरबाड तालुक्यांत याहून मूलभूत अडचण आहे. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात आणि पावसाच्या तोंडावर परततात, त्यामुळे वार्षिक नियोजनातील दुसरे सत्र या मुलांच्या हातून जवळजवळ पूर्णतः निसटते. नव्वदच्या दशकात विधायक संसद या स्वयंसेवी संस्थेने भट्ट्यांवर, मजुरांच्या झोपड्यांजवळ (भोंग्यांजवळ) चालवलेल्या भोंगाशाळा हे त्यावरचे ठळक उत्तर होते. दप्तराचे ओझे कमी करण्यासाठी 2023-24 पासून सर्व विषय एकत्र करून चार भागांत काढलेली, मध्ये वहीची कोरी पाने असलेली पुस्तके अशा मुलांना तरी सोयीची ठरतील, अशी अपेक्षा होती. परंतु हा प्रयोग 2025-26 पासून बंद करण्यात आला.

राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 नुसार राज्यातील नवा अभ्यासक्रम 2025-26 मध्ये पहिलीपासून सुरू झाला. पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करणारे 16 एप्रिल व 17 जून 2025 चे शासन निर्णय तीव्र विरोधानंतर 29 जून रोजी मागे घेण्यात आले आणि तिसऱ्या भाषेच्या प्रश्नावर अर्थतज्ज्ञ नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली.

नवी मुंबईत राज्याच्या पुनर्रचनेचा परिणाम तुलनेने मर्यादित आहे. येथील खासगी शाळांपैकी अनेक केंद्रीय मंडळांशी संलग्न असून महानगरपालिकाही राज्य मंडळाच्या शाळांबरोबर सीबीएसई शाळा चालवते. एकाच इमारतीतील दोन मुलांच्या दप्तरांत दोन वेगळे अभ्यासक्रम असणे हे तेथे नवलाचे नाही. 2020 च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी अनिवार्य झाली. करोनाकाळातील खंडामुळे 2023 मध्ये राज्य मंडळाबाहेरच्या शाळांना एका तुकडीपुरती सवलत मिळाली: मराठीचे मूल्यमापन श्रेणीने करावे व ते एकूण गुणांत धरू नये.