बी आफ्रिकेची, हात कोकणातले

वेंगुर्ले, कुडाळ, सावंतवाडी या पट्ट्यातल्या काजू कारखान्यात दिवाळीनंतर डोकावलं, तर कटिंगच्या बायकांपुढचा ढीग बघूनच जाणकार ओळखतो की ही बी इथली नाही. दाणा बारीक, किलोला १८० ते २०० बसणारा. इथल्या वेंगुर्ला-४ या कलमी जातीची बी सरासरी ७.७ ग्रॅमची, वेंगुर्ला-७ ची १० ग्रॅमची. म्हणजे किलोला १३० आणि १००. पण कोकणात बी पडते मार्च ते मे, आणि कारखाना चालवायचा असतो वर्षाचे तीनशे दिवस. मधली पोकळी परदेशी बीने भरते. कोकणातल्या काजूच्या रोजगाराचा इतिहास त्यामुळे डोंगरातल्या झाडापासून सुरू करून भागत नाही. अर्धा इतिहास मोझांबिक आणि टांझानियात घडला आहे.

झाडही मूळचं बाहेरचंच. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते ब्राझीलहून आणलं, ‘काजू’ हा शब्दही त्यांच्यामार्फतच आला. गर निर्यात करण्याचा व्यवसाय मात्र विसाव्या शतकातला. १९२० च्या दशकात तो केरळातल्या कोल्लमकडे वाढला आणि थोड्याच काळात पूर्व आफ्रिकेची बी तिथे उतरू लागली. कारण साधं होतं. बीच्या टरफलात अंग भाजणारं तेल असतं आणि आतला गर वाकडा, ठिसूळ. तो अख्खा काढायला सवयीचा हात लागतो, आणि तो भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर स्वस्तात मिळत होता. १९५५ मध्ये काजू निर्यात प्रोत्साहन परिषद स्थापन झाली. १९७० मध्ये सरकारने कच्च्या बीची आयात काजू महामंडळाकडे सोपवली. महामंडळाने बी आणायची आणि कारखान्यांना वाटून द्यायची.

त्याच दशकात आफ्रिकेतून येणारा पुरवठा आटला. टांझानियाने, काही जागतिक बँकेच्या कर्जातून, यांत्रिक कारखाने उभारले. बी आपल्याच देशात फोडायची, मजुरी घरात ठेवायची, हा विचार रास्तच होता. पण १९७३-७४ मध्ये १,४५,००० टनांवर गेलेलं तिथलं उत्पादन १९८६-८७ पर्यंत १६,५०० टनांवर घसरलं. गावं उठवून नव्या वस्त्या वसवल्या गेल्या तशी शेतकऱ्यांची बागेशी ताटातूट झाली, सरकारी खरेदीचा भाव पडता राहिला, आणि वर भुरी रोग. कारखाने तयार आणि फोडायला बी नाही, अशी गत झाली.

इकडे झाडावर काम करणं हाच उपाय उरला, आणि कोकणातलं संशोधन खरं इथेच कामाला आलं. वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र १९५७ पासूनचं. दापोलीचं कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी स्थापन झालं आणि केंद्र त्याच्याकडे आलं. वेंगुर्ला-१ ही जात १९७४ ची, वेंगुर्ला-४ १९८१ ची, वेंगुर्ला-७ १९९७ ची. बी पेरून वाढवलेल्या रायवळ झाडांत एकाचं फळ दुसऱ्यासारखं नसे. कलमामुळे बागभर एकाच आकाराची बी मिळू लागली. कारखानदाराला ही एकसारखेपणाची किंमत शेतकऱ्याहून जास्त कळते: मिश्र बी वाफेवर घातली की बारीक जास्त शिजते, मोठी कच्ची राहते, आणि दोन्हींचा गर फुटतो.

जातीचा व्यापाराशी संबंध असा. गराची प्रत इंग्रजी पौंडावर ठरते. डब्ल्यू-३२० म्हणजे पौंडाला ३०० ते ३२० अख्खे गर, डब्ल्यू-१८० म्हणजे १७० ते १८०. आफ्रिकेच्या बारीक बीतून बहुतेक डब्ल्यू-३२० निघतो. वेंगुर्ला-७ मध्ये गराचं प्रमाण साधारण ३०.५ टक्के, म्हणजे एक गर तीन ग्रॅमचा, पौंडाला दीडशेच्या आसपास. ती डब्ल्यू-१८० च्याही वरची प्रत झाली. कटिंग किलोवर असेल तर मोठ्या बीला बाईची मजुरीही सुटते, कारण किलोभर गरासाठी कमी बिया फोडाव्या लागतात. जातीच्या माहितीपत्रकात हे कधी छापत नाहीत.

१९९०-९१ पासून रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली आणि पडीक वरकस जमिनीवर ७ बाय ७ मीटरवर, हेक्टरी दोनशे कलमं उभी राहू लागली. खड्डे मारण्याचा रोजगार लगेच मिळाला. कारखान्यातला पुढे, झाडं धरल्यावर. गिरणी संपानंतर मुंबईची वाट अरुंद झालेल्या घरांत ही मजुरी, विशेषतः बायकांची, मोलाची ठरली.

आता मोझांबिक. १९६० च्या दशकात जगातला जवळपास निम्मा काजू तिथे पिकायचा. स्वातंत्र्यानंतर त्यांनी कच्च्या बीच्या निर्यातीवर बंदी घातली. १९९० च्या दशकात बंदी उठली, तिच्या जागी निर्यातकर आला, आणि जागतिक बँकेच्या आग्रहाने तो २० टक्के, मग १४ टक्के असा खाली आणला गेला. कागदावरचं गणित होतं की कर उतरला की बी मोकळी भारतात जाईल, शेतकऱ्याला भाव मिळेल आणि अकार्यक्षम कारखाने आपोआप गळतील. कारखाने गळाले, दहा हजारांच्या आसपास कामगारांपैकी बहुतेक घरी बसले. शेतकऱ्याच्या वाट्याला काय आलं, हे मॅकमिलन, रॉड्रिक आणि वेल्श या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये मोजलं: सरासरी कुटुंबामागे वर्षाला जेमतेम ५ डॉलर ३० सेंट. बराचसा लाभ मधल्या व्यापाऱ्यांकडे राहिला. शिवाय धोरण टिकेल की उलटेल याची खात्री नसल्याने शेतकऱ्यांनी नवी झाडं लावली नाहीत आणि कारखानदारांनीही पैसा घातला नाही.

हा अभ्यास कोकणात बसून वाचला की वेगळाच लागतो. त्यातला ‘एकमेव मोठा गिऱ्हाईक’ म्हणजे आपण, भारतीय कारखाने. कच्च्या बीला जगात खरेदीदार जवळपास एकच देश, म्हणून विकणाऱ्याची बाजू लंगडी, असं त्यांचं म्हणणं. ते तेव्हा बरोबर होतं. पण २००६ च्या सुमारास व्हिएतनाम गराच्या निर्यातीत भारताच्या पुढे गेला. त्याने कटिंग आणि सोलणी यंत्रावर नेली, आफ्रिकेत जाऊन बी उचलली, आणि आपण अनेक गिऱ्हाइकांपैकी एक झालो. मग आपल्याकडेही कराचा तोच वाद सुरू झाला, फक्त उलट्या दिशेने: २०१६ च्या अर्थसंकल्पात कच्च्या बीवर ५ टक्के आयातशुल्क बसलं, २०१८ मध्ये ते अडीच टक्क्यांवर आलं. इथल्या बागायतदाराला शुल्क हवं, कारखानदाराला नको. दोघांचं म्हणणं खरं आहे, म्हणूनच वाद मिटत नाही.

धंद्याच्या शिक्षणाची गाडी या सगळ्यात मागे राहिली. मुंबईत सिडनहॅम महाविद्यालय १९१३ चं, रत्नागिरीत महाविद्यालय आलं १९४५ मध्ये, दिल्लीची परदेश व्यापार संस्था १९६३ ची. एकीकडे जमाखर्च आणि पतपत्र (बँकेची लेटर ऑफ क्रेडिट) शिकवतात, दुसरीकडे कलम बांधणं. काजूचा कारखाना ज्या हिशेबावर तरतो वा बुडतो, तो या दोहोंच्या मधल्या उंबऱ्यावर पडून राहतो.

तो हिशेब उताऱ्याचा. परदेशी बीचा सौदा ८० किलोच्या पोत्यामागे किती पौंड गर निघतो यावर होतो. ढिगाच्या वरून, मधून, तळातून नमुना घ्यायचा, एक किलो मोजायचा, सगळी बी फोडायची. चांगला गर पूर्ण धरायचा, डागाळलेला आणि सुरकुतलेला निम्मा, कुजका सोडून द्यायचा. ग्रॅमला ८० ने गुणून ४५३.६ ने भागायचं. २७२ ग्रॅम आले तर ४८ पौंड, म्हणजे २७ टक्के. ४८ सांगून ४६ ची बी गळ्यात पडली, तर टनात साडेबारा पोती या हिशेबाने २५ पौंड गेले, तो गर भरायचा ११.३४ किलोचा बरोबर एक डबा. दहा टनांची गाडी असेल तर दहा डबे. नमुना फक्त वरच्या पोत्यांतून घेतला की हे हमखास होतं, कारण ओल खालच्या थरांत धरते.

गावठी बीत फसगत ओलाव्याची. हंगामाच्या सुरुवातीला १५ टक्के ओलाव्याची बी घेतली आणि साठवणीसाठी ८ टक्क्यांपर्यंत वाळवली, तर हजार किलोचे ९२४ उरतात. भाव मात्र हजाराचा दिलेला असतो. न वाळवता गोदामात थप्पी मारली तर पावसाळ्यात आतून बुरशी.

तिसरी गोष्ट भांडवल. रोज ५०० किलो फोडणाऱ्या छोट्या कारखान्याला तीनशे दिवसांना १५० टन लागतात. किलोला १०० रुपये धरले आणि सगळी बी मेअखेर भरली, तर दीड कोटी. साठा हळूहळू उतरतो, म्हणून सरासरी ७५ लाख अडकतात. १२ टक्के व्याजाने वर्षाला ९ लाख. २७ टक्के उतारा धरला तर किलोभर गरावर २२ रुपये निव्वळ व्याज. एवढं झेपत नाही म्हणून बहुतेक जण निम्मीच बी भरतात आणि पुढे टांझानिया-मोझांबिकच्या ऑक्टोबरनंतरच्या पिकावर भिस्त ठेवतात. ते पीक महागलं की कटिंगच्या बायकांचे दिवस कमी होतात. बाजार चढला याचा पहिला निरोप हजेरीच्या वहीत येतो.

कारखान्याच्या आत पैसा गळतो तो बोरम्यात, म्हणजे फोडलेला गर वाळवायच्या भट्टीत. ६५-७० अंशांवर सहा ते आठ तास. कमी तापला तर साल चिकटून राहते आणि सुरीने गर खरवडला जातो, जास्त तापला तर सोलतानाच गर दुभंगून पाकळी होते. अख्खा आणि पाकळी यांच्या भावातली दरी हाच नफा असतो.

२०१९ मध्ये तयार गरावरचं आयातशुल्क ४५ वरून ७० टक्के झालं, आणि किमान आयात किंमत तुकड्याला किलोमागे ६८० आणि अख्ख्याला ७२० रुपये ठरली. गराला कुंपण पडलं, बी मात्र बाहेरूनच यायची राहिली. बेनिनने १ एप्रिल २०२४ पासून कच्ची बी देशाबाहेर पाठवणं बंद केलं. त्यांनाही ती आपल्याच बायकांकडून फोडून घ्यायची आहे. बेनिनच्या बीला उताऱ्यासाठी खरेदीदारांत नाव आहे. तिचा हंगाम आणि आपला जवळपास एकाच वेळी येतो, त्यामुळे तिच्या जागी ऐन दिवाळीनंतर काय भरायचं, याची विचारपूस आता मेमध्येच सुरू होते.