शहर बहुभाषिक कसे घडते: पुण्याच्या वस्त्यांचा दाखला

एखादे शहर आंतरराष्ट्रीय झाले असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा तिथला विमानतळ, परदेशी कंपन्यांच्या पाट्या आणि हॉटेलांतले नवे पदार्थ आपल्या डोळ्यांसमोर असतात. हे सगळे परिणाम झाले. कारणे शोधायची, तर दूरवरून आलेली पहिली माणसे कोणत्या कामासाठी आली आणि त्यांच्यामागून त्यांचे नातलग व गाववाले कसे आले, हे पाहावे लागते. पुण्यात हा शोध घेणे सोपे आहे, कारण इथे प्रत्येक काळाच्या खुणा वस्त्यांमध्ये टिकून आहेत.

क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चचा इतिहास १७९२ सालापर्यंत मागे जातो. पेशव्यांच्या लष्करात नोकरीला असलेल्या पोर्तुगीज आणि गोमंतकीय कॅथलिक सैनिकांसाठी सवाई माधवरावांच्या काळात ही जागा देण्यात आली. राज्याला त्यांचे कसब हवे होते, म्हणून त्यांना इथे ठाव मिळाला. १८१७ मध्ये खडकीच्या लढाईनंतर छावणी वसली, तेव्हाही हेच घडले. फौजेला दाणागोटा, कपडा, पाव, दारू, कारकून आणि कर्जपुरवठा हवा होता, त्यामुळे पारशी, बोहरी, तमिळ, गोवेकर, बेने इस्राएल अशा अनेक समाजांची कुटुंबे कॅम्प, नाना पेठ आणि रास्ता पेठेच्या परिसरात स्थिरावली. पुढे पावसाळ्यात मुंबईचे गव्हर्नर पुण्यात मुक्काम हलवू लागले आणि त्यांच्यामागोमाग मुंबईचे धनिकही आले. बगदादहून मुंबईत आलेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून हे त्यांपैकी एक. पुणेकर ज्याला लाल देऊळ म्हणतात, ते १८६७ मध्ये पूर्ण झालेले सिनेगॉग त्यांच्याच देणगीतून उभे राहिले.

विसाव्या शतकात लष्कराची जागा शिक्षण, संशोधन आणि कारखान्यांनी घेतली. फाळणीनंतर पिंपरीत आलेले सिंधी निर्वासित हा मात्र वेगळा प्रकार होता. त्यांना इथे कोणी कामासाठी बोलावले नव्हते. १९५० मध्ये राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सुरू झाली, १९७१ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या अडचणी डोळ्यांसमोर ठेवून सिंबायोसिसची स्थापना झाली आणि १९७५ मध्ये सुरू झालेल्या अय्यंगार योगसंस्थेकडे जगभरचे साधक येऊ लागले. चाकणला जर्मन मोटारींचे कारखाने आले ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी.

पहिल्या माणसानंतर जे घडते, त्याला स्थलांतराचे अभ्यासक साखळी-स्थलांतर म्हणतात. अनोळखी शहरात जाण्याची सर्वांत मोठी किंमत पहिला माणूस मोजतो. त्याने खोली, काम आणि ओळखी मिळवल्या की दुसऱ्याचा धोका कमी होतो, तिसऱ्याचा आणखी कमी. म्हणूनच एका प्रदेशातली माणसे एकाच व्यवसायात आणि एकाच गल्लीत एकवटलेली दिसतात. पुण्या-मुंबईतली इराणी हॉटेले चालवणारी अनेक कुटुंबे यझ्द आणि त्याच्या आसपासच्या भागातून आली, ती याच वाटेने. अर्न्स्ट रॅव्हन्स्टाइन यांनी १८८५ मध्ये ब्रिटनच्या जनगणनेवरून स्थलांतराचे नियम मांडले. बहुतेक माणसे थोड्याच अंतरावर जातात, हा त्यांतला एक, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. परदेशी इंजिनिअर किंवा विद्यार्थी ज्या शहरात येतो, ते शहर सोलापूर, बीड, लातूरहून आलेल्या माणसांच्या श्रमावर उभे असते. विविधतेचा हिशेब त्यांना वगळून मांडता येत नाही.

हा हिशेब मांडायचा कसा? एक सोपी रीत अशी: शहरातून कोणतीही दोन माणसे निवडली, तर त्यांची मातृभाषा वेगळी असण्याची शक्यता किती? समजा, एका शहरात दहा भाषा आहेत, पण नव्वद टक्के लोक एकच भाषा बोलतात आणि उरलेल्या नऊ भाषांत दहा टक्के समान वाटले गेले आहेत. तिथे ही शक्यता सुमारे ०.१९ येते. तीनच भाषा असलेल्या, पण प्रत्येकीचे बोलणारे समान असलेल्या शहरात ती ०.६७ येते. किती देशांची माणसे आहेत याची नुसती मोजदाद फसवी ठरते, ती अशी. शिवाय संपूर्ण शहराचा आकडा मोठा आणि एकेका सोसायटीचा अगदी लहान, असेही होऊ शकते.

हे असे का होते, ते अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी १९७१ मध्ये एका साध्या प्रारूपातून दाखवले. पटावर दोन रंगांच्या सोंगट्या विखरून ठेवायच्या. प्रत्येक सोंगटीची अपेक्षा माफक ठेवायची, उदाहरणार्थ किमान एक तृतीयांश शेजारी आपल्या रंगाचे असावेत. अपेक्षा पुरी झाली नाही, तर सोंगटीने मोकळ्या घरात जायचे. संगणकावर हा खेळ चालवला की थोड्याच वेळात पट रंगांच्या गठ्ठ्यांत विभागला जातो आणि सरासरीने सत्तर टक्क्यांच्या आसपास शेजारी एकाच रंगाचे होतात. कोणाच्याही मनात द्वेष नसताना वस्त्या अलग पडतात. आता यात घरमालकांच्या अटी मिळवून पाहा. भाडेकरूचा आहार, धर्म, देश किंवा लग्न झाले आहे की नाही, हे विचारून खोली नाकारली जाते, तेव्हा माणसाला निवड उरतच नाही आणि शेलिंग यांच्या पटापेक्षाही विभागणी कडक होते.

एकत्र राहिल्याने पूर्वग्रह खरोखर कमी होतात का, याचे उत्तर गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये चार अटींसह दिले: दर्जा समान हवा, उद्दिष्ट एक हवे, काम परस्परांच्या सहकार्याने व्हावे आणि त्याला संस्थेचा पाठिंबा हवा. पुढे २००६ मध्ये पाचशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा संपर्काने पूर्वग्रह कमी होतात असेच दिसले. चारही अटी पाळल्या गेल्या, तर परिणाम अधिक ठळक होता. पुण्यातली प्रयोगशाळा, महाविद्यालयाचा संघ किंवा कारखान्यातली पाळी या अटींच्या बऱ्याच जवळ जाते. लोहगाव किंवा कोंढव्यात आपल्याच देशबांधवांबरोबर भाड्याने राहून वर्गापुरता शहरात येणारा परदेशी विद्यार्थी मात्र त्यांपासून दूर राहतो. त्याच्यासाठी मराठी आणि परदेशी मुलांची मिश्र वसतिगृहे बांधणे, आणि घर भाड्याने देताना माणसाचा देश व धर्म विचारला जाणार नाही अशी व्यवस्था करणे, ही कामे महापालिकेला, विद्यापीठांना आणि गृहनिर्माण सोसायट्यांना आजच हाती घेता येतील.