कंपायलरमधले मागे पडलेले पोर्ट: सीसी० निवृत्त झाले तेव्हा

एखादा पोर्ट, म्हणजे एका प्रोसेसरसाठीचा कंपायलरचा भाग, जीसीसी या कंपायलरमधून जातो, तेव्हा 'आता ते यंत्र कोण वापरतं' असं कारण सांगितलं जातं. बहुतेक वेळा खरं कारण वेगळं असतं. कंपायलरच्या गाभ्यातली एखादी जुनी सोय काढायची ठरते आणि तिच्यावर उभ्या असलेल्या पोर्टला नवं रूप द्यायला माणूस मिळत नाही.

१९८७ मध्ये जीसीसी बाहेर पडला तो व्हॅक्स आणि ६८००० ही यंत्रं घेऊन. या दोन्हींत साधी मूव्ह इन्स्ट्रक्शनसुद्धा कंडिशन फ्लॅग (आधीच्या निकालाची खूण ठेवणारे बिट) बदलते. त्यासाठीच सीसी० ही सोय होती. तुलना सीसी० भरणार, लगेच पुढची जम्प (दुसरीकडे उडी घेणारी इन्स्ट्रक्शन) ते वाचणार आणि दोघींच्या मध्ये कोणतीही इन्स्ट्रक्शन येणार नाही. कोणती इन्स्ट्रक्शन कोणते फ्लॅग बदलते, याचा हिशेब अगदी शेवटच्या पासमध्ये (कंपायलरच्या कोडवरच्या फेरीत) होई आणि अनावश्यक तुलना तिथेच गळून पडत. पोर्ट लिहिणाऱ्याला हे सोपं होतं. पण ऑप्टिमायझरच्या (कोड सुधारणाऱ्या भागाच्या) प्रत्येक पासला ही जोडी फुटू नये म्हणून वेगळी काळजी घ्यावी लागे.

२०१९ मध्ये इशारा आला की सीसी० जाणार आणि जे पोर्ट बदलणार नाहीत तेही जाणार. काम मात्र नावं बदलण्याइतकं सोपं नव्हतं. नव्या पद्धतीत फ्लॅग हे एक खरं रजिस्टर (प्रोसेसरमधली किंमत ठेवायची जागा) मानलं जातं आणि जी इन्स्ट्रक्शन ते बिघडवते तिने तसं जाहीर करावं लागतं. अडचण येते ती रजिस्टर वाटपात, म्हणजे कोणती किंमत कोणत्या रजिस्टरमध्ये राहील हे ठरवताना. तिथे कंपायलर स्वतःहून मूव्ह आणि बेरजा घुसवतो. त्यातली एक तुलना आणि जम्प यांच्यामध्ये पडली की फ्लॅग पुसले जातात आणि प्रोग्रॅम निमूटपणे चुकीच्या फांदीवर जातो.

म्हणून तुलना आणि जम्प वाटप संपेपर्यंत एकाच पॅटर्नमध्ये (पोर्टमधल्या इन्स्ट्रक्शनच्या वर्णनात) बांधून ठेवायची आणि मग फोडायची, हा रूढ उपाय. अशा पोर्टमध्ये गणिती पॅटर्नची किमान तीन रूपं होतात: वाटपाआधीचं, फ्लॅग बिघडवतो असं सांगणारं आणि फ्लॅगचा निकाल वापरू देणारं. तिसरं राहून गेलं तरी कोड बरोबर चालतो, पण फालतू तुलना शिल्लक राहतात आणि कोड फुगतो. छोट्या मायक्रोकंट्रोलरवर तेवढ्यानेही प्रोग्रॅम फ्लॅश मेमरीत मावेनासा होऊ शकतो.

एम६८के (६८००० चं कुटुंब), व्हॅक्स आणि एव्हीआर या मायक्रोकंट्रोलरसाठी लोकांनी बक्षिसाची रक्कम जमवली. सीआर१६ या प्रोसेसरच्या पोर्टला कोणी मिळालं नाही, तो गेला. एव्हीआरचं उदाहरण सगळ्यात बोलकं आहे. आर्डुइनो बोर्डांमुळे त्याचे वापरकर्ते अमाप, तरी त्याचं काम अगदी शेवटी, २०२१ मध्ये झालं आणि पाठोपाठ सीसी० काढून टाकलं गेलं. ते काढणं योग्यच होतं. पण गाभा स्वच्छ झाल्याचा फायदा सगळ्यांना मिळाला आणि त्याचा बोजा पडला मूठभर स्वयंसेवकांवर. ही वाटणी न्याय्य नव्हती.

रिलीजचे नियमही हेच वजन दाखवतात. प्राथमिक आणि दुय्यम यादीतल्या यंत्रावर आलेला रिग्रेशन (आधी चालणारं बिघडवणारा दोष) रिलीज रोखू शकतो. यादीबाहेरच्या यंत्रावरचा तोच दोष पी४ या खालच्या प्राधान्यात किंवा त्याखाली जातो. पोर्ट कालबाह्य ठरला की एका आवृत्तीत तो मुद्दाम 'एनेबल-ऑब्सोलीट' हा पर्याय दिल्याशिवाय कॉन्फिगर होत नाही, आणि पुढच्या आवृत्तीत तो काढता येतो. जीसीसी १४ मध्ये नियॉस २ आणि इटॅनियम या दोन्ही प्रोसेसरांच्या पोर्टवर हा शिक्का बसला. नियॉस २ पंधराव्या आवृत्तीत गेला. लिनक्स कर्नलने ६.७ मध्येच सोडलेल्या इटॅनियमला मात्र देखभाल करणारे मिळाले आणि शिक्का पुसला गेला.

सध्याची कसोटी रीलोडची, म्हणजे रजिस्टर वाटप पुरं करणाऱ्या जुन्या पासची, आहे. त्याची जागा घेणारं एलआरए ४.८ मध्ये, २०१३ साली आलं, आधी एक्स८६ साठी. जुना पोर्ट त्यावर नेला की दोन दोष ठरलेले. एकात कंपायलर त्याच इन्स्ट्रक्शनभोवती फिरत राहतो आणि ९० रीलोडच्या (इथे घुसवलेल्या इन्स्ट्रक्शनच्या) मर्यादेला थडकून थांबतो. इथे ॲड्रेस वैध ठरवणारा कोड आधी तपासावा. दुसऱ्यात स्पिल करायला (किंमत मेमरीत हलवून मोकळं करायला) रजिस्टरच सापडत नाही. एसएच या प्रोसेसरवर बाइट आणि १६ बिटांच्या काही ॲड्रेसिंग प्रकारांना फक्त आर० हे रजिस्टर चालतं, त्यामुळे तिथे हे वारंवार होतं. स्टेज १ (नवे बदल घेण्याचा टप्पा) चालू असताना दर आठवड्याला क्रॉस कंपायलर (दुसऱ्या यंत्रासाठी कोड बनवणारा) बांधून टॉर्चर चाचण्या (कंपायलरला ताण देणारे छोटे प्रोग्रॅम) सिम्युलेटरवर चालवल्या, तर दोष आणणारा बदल बायसेक्टने (बदलांची यादी अर्धी-अर्धी करत) पटकन सापडतो. स्टेज ४ पर्यंत, म्हणजे रिलीजआधीच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत, थांबलं, तर महिन्यांचे बदल चाळावे लागतात आणि तोवर गाभ्यातली दुरुस्ती स्वीकारायची वेळ निघून गेलेली असते.