डॅशबोर्डमागचे थर : गाडीतल्या स्टिरिओच्या नेहमीच्या प्रश्नांची पार्श्वभूमी

गाडीत पहिल्यांदाच स्टिरिओ बदलायला घेतलेल्या माणसाचे प्रश्न ठरलेले असतात. गाडी बंद केली की लावलेली स्टेशनं का पुसली जातात? खोक्यावर ‘५० वॉट × ४’ लिहिलंय, मग आवाज एवढासाच का? रेस वाढवली की स्पीकरमधून शिट्टी का येते? मागचा कॅमेरा काळापांढरा का दिसतो? ऐकायला हे प्रश्न बाळबोध वाटतात, पण तसे ते नाहीत. डॅशबोर्डच्या मागे नव्वदेक वर्षांत वेगवेगळ्या लोकांनी घेतलेले निर्णय थरावर थर साचले आहेत. नवख्या माणसाच्या हाती येते ती या सगळ्या थरांतून निघालेली तारांची एकच जुडी. कुठली तार कुठल्या थरातली, हे कळलं की निम्मं काम होतं.

शिकागोच्या गॅल्व्हिन कंपनीने १९३० मध्ये ‘मोटोरोला’ नावाने गाडीचा रेडिओ आणला. तेव्हा बऱ्याच गाड्यांची बॅटरी ६ व्होल्टची असायची, आणि रेडिओतल्या व्हॉल्व्हना (ट्रान्झिस्टरआधीच्या काचेच्या नळ्यांना) मात्र शंभराच्या वर व्होल्ट लागायचे. आधी त्यासाठी वेगळ्या कोरड्या बॅटऱ्या बाळगाव्या लागत. पुढे व्हायब्रेटर आला. तो प्रवाह सतत जोडायचा-तोडायचा आणि ट्रान्सफॉर्मर त्यावर व्होल्टेज चढवायचा. इंजिनाच्या स्पार्कची खरखर रेडिओत शिरण्याचं दुखणंही तेव्हापासूनचं. त्यावर स्पार्क प्लगच्या वायरीत रेझिस्टर आणि जनरेटरवर कंडेन्सर बसवत. शिट्टीचा प्रश्न म्हणजे गाडीतल्या रेडिओइतकाच जुना.

पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर गाड्या १२ व्होल्टवर आल्या आणि १९५५ मध्ये क्रायस्लर व फिल्को यांनी पूर्ण ट्रान्झिस्टरचा रेडिओ जाहीर केला. ट्रान्झिस्टरला शंभर व्होल्ट लागत नाहीत, तो थेट बॅटरीवर चालतो. सोय झाली, पण त्याबरोबर एक मर्यादाही आली आणि ती आजतागायत हटलेली नाही. इंजिन चालू असताना गाडीत जेमतेम १४.४ व्होल्ट मिळतात. साध्या ॲम्प्लिफायरला त्यातून आवाजाची लाट वरखाली हलवायला प्रत्येक बाजूला सहाएक व्होल्ट उरतात. ४ ओहमच्या स्पीकरवर त्याचे चार-पाच वॉट होतात आणि ८ ओहमवर त्याच्या निम्मे. घरात ८ ओहमचे स्पीकर रुळलेले असताना गाडीत ४ ओहमचे का, याचं उत्तर इथे आहे.

यावर तोड निघाली ती ब्रिज जोडणीची. स्पीकरच्या दोन्ही टोकांना एकेक ॲम्प्लिफायर लावायचा आणि दोघांनी उलट दिशेने ओढायचं. व्होल्टेज दुप्पट, म्हणून ताकद चौपट. स्वच्छ आवाजात चॅनलमागे अठरा ते वीस वॉट निघतात आणि बहुतेक हेड युनिटांची, म्हणजे डॅशबोर्डमधल्या स्टिरिओंची, खरी ताकद तेवढीच. मग खोक्यावरचे ५० कुठून आले? १४.४ चा वर्ग करा, ४ ने भागा : ५१.८. लाट पूर्ण चौकोनी झाली, म्हणजे आवाज पार फाटला, तर मिळणारा हा आकडा. गणित चूक नाही, पण त्या आवाजात कुणी गाणं ऐकत नाही. २००३ मध्ये सीईए-२००६ हे मानक आलं. त्यात १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि विकृती व गोंगाट मिळून १ टक्क्याच्या आत, अशा मोजणीने ताकद लिहायची असते. खोक्यावर दोन आकडे असतील तर ‘आरएमएस’ (सतत मिळणारी ताकद) समोरचा धरावा. वीसच्या वर जायचं असेल तर वेगळा ॲम्प्लिफायर लागतो, कारण १२ व्होल्ट चढवून घेणारा पॉवर सप्लाय त्याच्या पोटातच असतो.

ब्रिज जोडणीने एक सापळाही मागे ठेवला. जुन्या रेडिओत स्पीकरची मायनस तार ‘अर्थ’च, म्हणजे गाडीच्या बॉडीतून जाणारी परतीची वाट, असायची, त्यामुळे जुन्या गाड्यांत ती बॉडीला किंवा सगळ्या स्पीकरच्या मायनस एकत्र जोडलेल्या असत. ब्रिजमध्ये मात्र स्पीकरच्या दोन्ही तारांवर बॉडीच्या तुलनेत सहा-सात व्होल्ट उभे असतात. त्यातली एक बॉडीला टेकली की युनिट ‘प्रोटेक्ट’मध्ये जातं, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतं, नाहीतर आतली आयसी (चिप) जळते. म्हणून जुन्या गाडीत नवीन युनिट लावण्याआधी रेडिओचे कपलर (तारांचे प्लग) सुटे करावेत आणि प्रत्येक मायनस तार व बॉडी यांच्यात मल्टिमीटरची बीप पाहावी. बीप आली तर त्या स्पीकरला नव्या दोन तारा ओढण्याला पर्याय नाही.

आता स्टेशनं पुसली जाण्याचा प्रश्न, म्हणजे पिवळी आणि लाल तार. रेडिओच्या खाचेचं माप आधी जर्मन डीआयएन ७५४९० मानकात ठरलं आणि पुढे ते आयएसओ ७७३६ झालं : एकेरी युनिट १८० × ५० मिलिमीटर, दुहेरी १८० × १००. कपलरसाठी आयएसओ १०४८७ आलं. त्यात ‘ए’ कपलर वीजपुरवठ्याचा आणि ‘बी’ स्पीकरचा, दोन्ही आठ पिनांचे. ए-४ वर कायमचे १२ व्होल्ट, ए-७ वर चावी फिरवल्यावर येणारे, ए-८ वर अर्थ. बाजारातल्या युनिटकडून पिवळी तार ए-४ ला जाते, लाल ए-७ ला आणि काळी ए-८ ला. पण फोक्सवॅगनसारख्या काही कंपन्यांच्या कितीतरी गाड्यांत ए-४ आणि ए-७ अदलाबदल केलेले असतात. अशा वेळी युनिटच्या स्मरणासाठी राखलेली पिवळी तार चावीवर येते आणि गाडी बंद होताच स्टेशनं, घड्याळ, इक्वलायझर सगळं पुसलं जातं. म्हणूनच पुष्कळ ॲडाप्टरांवर या दोन तारांच्या मध्ये सुटे होणारे गोल जोड दिलेले असतात. ते काढून एकमेकांत बदलले की काम झालं.

बदलण्याआधी मोजावं. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर, काळा प्रोब बॉडीच्या उघड्या पत्र्यावर. चावी काढलेली असताना जिथे साडेबाराच्या आसपास दिसतं तिथे पिवळी. चावी काढल्यावर शून्य आणि फिरवल्यावर बारा, तिथे लाल. दोन्ही तारा एकत्र पिळून कायमच्या पुरवठ्याला जोडण्याची पळवाट अनेक जण घेतात. मग युनिट रात्रभर जागं राहतं आणि दोन-तीन दिवसांत बॅटरी बसते.

रंगांच्या बाबतीत एक गोष्ट जीव तोडून सांगावीशी वाटते. पांढरी पुढचा डावा, करडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा, आणि काळी रेघ असली की मायनस, ही भाषा बाजारातल्या युनिटची आहे. गाडीच्या बाजूचे रंग त्या त्या कंपनीचे, आणि त्यांचा याच्याशी काही संबंध नाही. रंगाला रंग जोडून जळालेली युनिटं लावणाऱ्याच्या निष्काळजीपणाने जळत नाहीत. नव्या माणसाला दोन भाषा आहेत हे कुणी सांगितलेलंच नसतं. एखाद्या स्पीकरचे प्लस-मायनस उलटे पडले तर काही जळत नाही, फक्त बेस नाहीसा होतो. दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या तारांना क्षणभर टेकवावा. पडदा बाहेर उचलला गेला तर सेलचं प्लस जिथे होतं ती प्लसची तार.

गाण्याचं साधन मधल्या काळात भराभर बदललं. फोर्डने १९६५ च्या शरदात आठ ट्रॅकची टेप दिली, फिलिप्सचा कॅसेटवाला कार रेडिओ १९६८ चा, पायोनिअरचा सीडी प्लेअर १९८४ चा. तारांच्या दृष्टीने याहून मोठी घटना म्हणजे डिक्कीत गेलेला ॲम्प्लिफायर. त्याच्यासाठी घरच्या हाय-फायमधली आरसीए तार, म्हणजे आवाजाचा बारीक सिग्नल नेणारी तार, उचलली गेली. घरात मीटरभर लांब असणारी ही तार गाडीत पाच मीटर धावू लागली, आणि तिचं वरचं आवरणच परतीची वाट असतं. हेड युनिटचा अर्थ डॅशबोर्डमागे, ॲम्प्लिफायरचा डिक्कीत. या दोन ठिकाणांत किंचितही व्होल्टेजचा फरक असला की अल्टरनेटरची (गाडीतल्या वीजनिर्मिती यंत्राची) लहर आरसीएच्या आवरणातून वाहते. रेसबरोबर चढणारी शिट्टी ती हीच. युनिट बंद करून ॲम्प्लिफायरकडची आरसीए काढावी आणि परत चालू केल्यावर शिट्टी थांबते का ते आधी पाहावं. थांबली तर दोष पुढच्या बाजूला आहे. ॲम्प्लिफायरची अर्थ तार ४५ सेंटिमीटरच्या आत, रंग खरवडलेल्या पत्र्यावर बोल्टने घट्ट बसलेली हवी. युनिट चालू असताना आरसीए काढली-घातली तर काही युनिटांतला अर्थाचा बारीक फ्यूज उडतो, आणि मग कितीही तारा बदलल्या तरी शिट्टी जात नाही.

बॅटरीकडून येणाऱ्या जाड तारेचा फ्यूजही बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत लागतो, कारण तो ॲम्प्लिफायरसाठी नसून तारेसाठी असतो. ५०० वॉटचा डी-क्लास ॲम्प्लिफायर ८० टक्के कार्यक्षम धरला तर ६२५ वॉट ओढतो, म्हणजे १३.८ व्होल्टवर ४५ अँपिअर. त्याला पाच मीटरसाठी २१ चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची तार पुरते. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असेल तर एक माप वरची घ्यावी.

१९८३ च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सच्या काही गाड्यांत बोसची खास त्या गाडीसाठी जुळवलेली यंत्रणा येऊ लागली आणि कारखान्याचाच ॲम्प्लिफायर ही कल्पना रुळली. अशा कित्येक यंत्रणांतले स्पीकर १ किंवा २ ओहमचे असतात. साधा ४ ओहमचा स्पीकर मल्टिमीटरवर साधारण साडेतीन दाखवतो. दीडच्या आसपास दिसलं तर त्यावर हेड युनिट थेट जोडू नये.

बॉशने १९८६ मध्ये कॅन बस, म्हणजे गाडीतल्या यंत्रणांना दोन तारांवरून एकमेकांशी बोलू देणारी जोडणी, मांडली आणि १९९१ च्या मर्सिडीज एस-क्लासपासून ती रस्त्यावरच्या गाड्यांत आली. हळूहळू चावीची वायरच नाहीशी झाली. ‘चावी फिरली’ हा आता दोन पिळलेल्या तारांवरून जाणारा संदेश आहे. अशा गाडीत लाल तारेसाठी जागा शोधून सापडत नाही. कॅन ॲडाप्टर तो संदेश वाचून लाल तारेला १२ व्होल्ट देतो आणि स्टिअरिंगवरची बटणंही ओळखतो. २००१ च्या बीएमडब्ल्यू ७ सिरीजमध्ये आलेली मोस्ट ही फायबरची जोडणी तर वर्तुळाकार असते. त्यातलं एक युनिट काढलं की वर्तुळ तुटतं आणि सगळी यंत्रणा गप्प होते.

व्हिडिओचा थर दूरदर्शन संचाच्या काळातून आला. मागच्या कॅमेऱ्याची पिवळी आरसीए एनटीएससी किंवा पाल या टीव्हीच्या दोन पद्धतींपैकी एकीच्या, म्हणजे ५२५ किंवा ६२५ रेषा नेते. कॅमेरा एक आणि पडदा दुसरं धरून बसला की चित्र काळपांढरं होतं नाहीतर वर सरकत राहतं. उपाय सेटिंगमध्ये असतो, तारेत नाही. चित्र थरथरत असेल तर रिव्हर्स लाइटची वीज तुकड्यातुकड्यांनी येत असते. तिथे कंडेन्सर किंवा रिले लावावा. काही कारखानी कॅमेरे ६ व्होल्टचे असतात, त्यांना १२ दिले की संपले. युनिटला हँडब्रेकची तार आली ती चालत्या गाडीत चालकासमोर चित्रपट दिसू नये या कायद्यांमुळे, म्हणून ती हँडब्रेकच्या स्वीचलाच जोडावी.

सगळ्यात वरचा थर कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटोचा, म्हणजे फोन गाडीच्या पडद्यावर आणणाऱ्या सोयींचा. कारप्ले २०१४ मध्ये आलं, अँड्रॉइड ऑटो २०१५ मध्ये. वायरवर फोन चार्ज होतो पण पडदा उघडत नाही, तेव्हा केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात. बिनवायरीत ब्लूटूथ फक्त ओळख करून देतं, पुढचं चित्र आणि आवाज वाय-फायवरून जातात. ब्लूटूथ जोडलं जातं पण पडदा येत नाही, अशा तक्रारीत युनिटच्या मागे पाहावं. वाय-फायचा बोटभर अँटेना पुष्कळदा खोक्यातच राहिलेला असतो, किंवा लोखंडी चौकटीमागे दाबला गेलेला असतो.