पाणी कमी होतंय? होऊ द्या!

नेरूळला आमची बाल्कनी म्हणजे वॉशिंग मशीन, कपड्यांचा स्टँड आणि उरलेल्या दीड फुटात माझ्या बाटल्या. हायड्रोपोनिक्स, म्हणजे मातीशिवाय नुसत्या पाण्यात झाडं वाढवणं, म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर पाईप, पंप, जांभळे एलईडी येतात, मग किटची किंमत बघितली की उत्साह तिथंच मावळतो. मी सुरुवात केली भाजीवाल्याकडच्या पुदिन्याच्या जुडीतल्या चार काड्यांनी. पेराच्या जरा खाली कापायच्या, खालची पानं काढायची आणि साध्या पाण्यात ठेवायच्या, आठ-दहा दिवसांत पांढरी मुळं दिसायला लागतात.

गंमत म्हणजे १६९९ साली इंग्लंडमध्ये जॉन वुडवर्ड या निसर्ग अभ्यासकानेही प्रयोगाला पुदिनाच घेतला होता. पावसाच्या पाण्यात, थेम्स नदीच्या पाण्यात आणि बागेतली माती मिसळलेल्या पाण्यात त्याने रोपं ठेवली, तर मातीवाल्या पाण्यातली जास्त वाढली. म्हणजे झाड नुसत्या पाण्यावर जगत नाही, पाण्यात विरघळलेलं काहीतरी त्याला लागतं. ते काहीतरी म्हणजे क्षार, हे १८६०च्या आसपास जर्मनीत साक्स आणि क्नॉप या शास्त्रज्ञांनी मातीशिवाय रोपं वाढवून दाखवलं, आणि पुढे कॅलिफोर्नियात गेरिक या संशोधकाने टाक्यांमध्ये टोमॅटो काढले तेव्हा १९३७मध्ये या प्रकाराला हायड्रोपोनिक्स हे नाव मिळालं.

मुळं फुटली की खत द्यायचं. बाजारात ए आणि बी अशा दोन बाटल्या मिळतात, मला आधी वाटलं हा दुप्पट पैसे काढायचा धंदा आहे, पण तसं नाहीये. एकीत कॅल्शियम असतं, दुसरीत सल्फेट आणि फॉस्फेट, दोन्ही घट्ट द्रावणं थेट एकत्र ओतली तर खाली पांढरा गाळ बसतो आणि त्यातलं झाडाला मिळत नाही. म्हणून बादलीभर पाण्यात आधी ए, ढवळायचं, मग बी. पहिल्यांदा लेबलवर लिहिलंय त्याच्या निम्मंच घाला. पीएच, म्हणजे पाणी किती आंबट ते सांगणारा आकडा, साडेपाच ते साडेसहा ठेवायचा, तो चढला की लोह पाण्यात असूनही झाडाला घेता येत नाही, मग नवीन पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या.

आता खरी गोची. पुदिना जमला म्हणून मी तेलाच्या रिकाम्या पाच लिटरच्या कॅनमध्ये लेट्युस लावलं, पंपाशिवायची, एकदाच पाणी भरून सोडून द्यायची क्राटकी पद्धत, हवाई विद्यापीठातल्या बर्नार्ड क्राटकींच्या नावाची. रोप मस्त चाललं होतं, पाणी निम्म्यावर आलं होतं, आणि मी दोन दिवस पुण्याला गेलो तर आईने "बिचारं तहानलंय" म्हणून कॅन गळ्यापर्यंत भरला. चार दिवसांत पानं लोळली, मुळं तपकिरी, वास तर विचारूच नका.

भरपूर पाणी असून झाड सुकलं कसं? तर मुळं श्वास घेतात. पाणी खाली जातं तशी वर मोकळी जागा होते, तिथल्या दमट हवेत वरची मुळं ऑक्सिजन घ्यायला तयार होतात आणि खालची पाणी ओढतात. कॅन भरला की ती वरची मुळं बुडतात, गुदमरतात, आणि सडवणाऱ्या बुरशीला आयतंच मिळतं. त्यात आपल्याकडचा उकाडा. २० अंशांना लिटरभर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच, आणि नेमकं तेव्हाच मुळांना जास्त लागतो. म्हणून मे महिन्यात लेट्युसचा नाद सोडा, पुदिना ठेवा.

कॅन पारदर्शक असेल तर आत शेवाळ धरतं, मी मुलाचा शाळेचा जुना मोजा चढवलाय, बाटलीला अगदी फिट्ट बसतो, कॅनला मात्र काळा कागद लागला. तोंड स्पंजने नीट बंद करा, नाहीतर डेंग्यूचे डास अंडी घालतील आणि महापालिकेची माणसं साठलेलं पाणी बघायला आली की तुमची बाग त्यांना पहिल्यांदा दिसेल.

लेट्युसचं बी दिवाळीनंतर टाका. रोप लावल्यापासून पाचेक आठवड्यांत काढायला येतं, तोवर पाणी पार तळाला गेलेलं असतं आणि आमची आई येता-जाता त्या कॅनकडे बघून चुकचुकत असते.