वृक्ष समिती ‘फक्त सल्लागार’ असली तरी दार उघडंच हवं

कॅलिफोर्नियातल्या शहरांत एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: रस्त्याकडेच्या झाडांसाठी नेमलेली समिती नुसता सल्ला देते, निर्णय थोडीच घेते! मग तिने बंद दाराआड बैठक घेतली तर काय बिघडलं?

बिघडतं. १९५३ चा ब्राउन कायदा, म्हणजे स्थानिक संस्थांच्या बैठका लोकांसाठी खुल्या ठेवायला लावणारा कॅलिफोर्नियाचा कायदा, इथे अगदी स्पष्ट आहे. शहराच्या कौन्सिलने ठराव करून नेमलेली समिती सल्लागार असो वा निर्णय घेणारी, कायमची असो वा तात्पुरती, तिची बैठक खुलीच हवी. नियमित बैठकीची विषयपत्रिका ७२ तास आधी लावायची. ‘झाडांविषयी चर्चा’ एवढं मोघम खरडून भागत नाही. विषय काय ते लोकांना कळायला हवं, आणि त्यासाठी वीसेक शब्द पुरतात. आलेल्या नागरिकाला बोलू द्यायचं. नाव लिहिल्याशिवाय आत सोडणार नाही, असंही म्हणता येत नाही.

घोळ बहुधा एका अपवादामुळे होत असावा. कौन्सिलच्याच सदस्यांची, गणपूर्तीपेक्षा कमी जणांची, एका कामापुरती नेमलेली समिती यातून सुटते. त्यात एखादा बाहेरचा वृक्षतज्ज्ञ सदस्य म्हणून घेतला, की सूट गेली.

बहुसंख्य सदस्यांनी एकमेकांना ईमेल पाठवत मत पक्कं करणं हीसुद्धा बेकायदा बैठकच.

उलट टोकाचा गैरसमजही ऐकू येतो, की प्रत्येक फांदीसाठी बैठक लागते. कर्मचाऱ्यांच्या रोजच्या छाटणीला हा कायदा आडवा येत नाही.